जुनी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल आणि शिकाऱ्याने स्वतःला घातलेली मर्यादा

मागच्या वेळी एका श्रोत्याने विचारलं होतं, की अमेरिकेत आजही काही लोक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची रायफल घेऊन एल्कच्या किंवा अस्वलाच्या मागे जातात, हा काय वेडेपणा? प्रश्न चांगला आहे. मी स्वतः कधी बंदूक हातात धरलेली नाही, आणि आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर तो विषयच संपला. पण प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, म्हणून थोडं यंत्र समजून घेऊ.

विंचेस्टरची १८८६ सालची रायफल घ्या. रचना जॉन ब्राउनिंगची. चापाभोवतीचा लिव्हर खाली ढकलून परत ओढला, की रिकामं टरफल वरून बाहेर उडतं आणि नवं काडतूस नळीत जातं. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. आता गंमत बघा. प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे ठिणगी पडते त्याच जागी टेकलेलं असतं. टोकदार गोळी असली तर झटक्याने आतच बार उडायचा! म्हणून गोळी बोथट. बोथट गोळीला हवा अडवते. जुनं .४५-७० काडतूस शंभर यार्डांवर नेम जुळवलेलं असेल, तर दोनशे यार्डांवर गोळी दोनेक फूट खाली जाते. टरफल वर उडत असल्याने दुर्बीणही नीट बसत नाही. १८९५ च्या रायफलीत ब्राउनिंगने काडतुसं खालच्या पेटीत घेतली आणि टोकाची अडचण सुटली. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत गेला तेव्हा हीच, .४०५ ची, त्याच्यासोबत होती. सिंहावरचं औषध म्हणायचा तिला. पण हत्तीसाठी मात्र त्याने इंग्रजी दुनळी उचलली. म्हणजे त्यालाही मर्यादा कळत होती.

तर हे सगळं सोडून आजची रायफल का नाही घ्यायची? स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत याने १९४२ मध्ये शिकारीवरच्या एका पुस्तकाला प्रदीर्घ प्रस्तावना लिहिली. त्याचं म्हणणं साधारण असं, की माणसाची ताकद इतकी वाढली आहे की ती त्याने मुद्दाम आवरली नाही, जनावराला निसटायची संधी ठेवली नाही, तर उरते ती नुसती कत्तल, शिकार नव्हे. जुनी रायफल घेणारा नेमकं हेच करतो, असं तुम्ही म्हणाल.

मला हे अर्धंच पटतं. मर्यादा मी घालून घेतली, पण नेम चुकला तर किंमत कोण देतं? पोटात गोळी घेऊन मैलभर पळणारं जनावर देतं. उपास मी धरायचा आणि उपाशी शेजाऱ्याने राहायचं, असला प्रकार! तेव्हा ही मर्यादा खरी ठरते ती एकाच अटीवर: हत्यार जुनं, तर अंतरही जुनं. शंभर यार्डांच्या आत, वाऱ्याची दिशा बघून, पोटावर सरपटत जायचं. आणि तिथवर पोचता आलं नाही तर गोळी न झाडता परत यायचं. हे परत येणं ज्याला जमत नाही, त्याने खुशाल दुर्बीण लावलेली नवी रायफल घ्यावी, जनावराचे हाल तरी कमी होतील.

आणि हो, डोळ्यांचाही प्रश्न आहे. मागची खाच, पुढचा मणी आणि पलीकडचं जनावर, तिन्ही एका रेषेत आणायची. माझ्या वयाला तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत, त्यामुळे माझ्याकडून एल्कला काही धोका नाही.