भिंगऱ्यांची आवक-जावक

युरोपात वसंताची वर्दी देण्याचा मान भिंगरीकडे आहे. एप्रिल उजाडला की तिकडचा शेतकरी गोठ्याच्या तुळईकडे डोळे लावून तिच्या पुनरागमनाची प्रतीक्षा करतो आणि तिचे पहिले दर्शन ज्या दिवशी घडले ती तारीख आस्थेने टिपून ठेवतो. आपल्याकडे हा सारा हिशेब उलटा आहे. बंगळूरच्या आग्नेयेस, होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या नावांवरून ज्याचे नाव पडले त्या एचएसआर लेआउटमध्ये, टॅबेबुईयाची झाडे फुलांनी लदबदून जातात तेव्हा अगरा तलावाच्या परिसरातील माळभिंगऱ्या परतलेल्या नसतात, तर रवानगीच्या तयारीत असतात. त्यांचे परतणे व्हायचे ते पावसाळा ओसरताना.

ही तयारी अक्षरशः डोळ्यांना दिसते. शरदात येणारी भिंगरी प्रवासाने मळकटलेली, पिसांच्या कडा झिजलेली अशी असते, आणि त्याच वर्षी जन्मलेल्या पिलांचे तर कपाळही फिकट व शेपटीही आखूड. पंखांची व शेपटीची पिसे ती बदलते ती आपल्याकडच्या हिवाळी मुक्कामात, आणि तीही क्रमाक्रमाने. कारण ज्या पाखराला उडता उडताच किडे टिपून उदरनिर्वाह करायचा आहे, त्याला सारी पिसे एकदम टाकून देणे परवडत नाही. मार्चच्या उन्हात मग तीच पाठ पोलादी निळी झळकू लागते, कपाळ आणि गळा गडद तांबूस होतो आणि शेपटीची कडेची दोन पिसे बारीक तारांसारखी लांबतात. उणेपुरे 20 ग्रॅम वजनाचे हे पाखरू, हा सारा साज लेवून, हिमालयाकडे आणि त्याही पलीकडे उत्तर आशियाकडे निघते. काश्मिरात ते माणसांच्या घरांत व भर बाजारातल्या दुकानांत चिखलाचे घरटे बांधते. बंगळुरात मात्र ते कधी संसार मांडत नाही.

भिंगऱ्या जातात कोठे, हे उमगायला मनुष्यजातीला फार काळ लागला. स्वीडनचा धर्माधिकारी ओलाउस मॅग्नुस याने 1555 साली, पाण्याखाली निजलेल्या भिंगऱ्यांचे पुंजके कोळ्यांच्या जाळ्यात सापडतात, असे आपल्या ग्रंथात सांगितले. त्याला हसण्याचे कारण नाही. दिवेलागणीला शेकडो भिंगऱ्या तलावाकाठच्या पाणकणसांत एकाएकी शिरून दिसेनाशा होतात, हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही समजूत कशी रुजली असेल ते सहज कळते. या समजुतीला खरा छेद दिला तो पायात घातलेल्या धातूच्या वाळ्याने. इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्यात 1911 च्या मे महिन्यात वाळे घातलेली एक भिंगरी 1912 च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात सापडली, आणि शतकानुशतकांच्या वादाचा निकाल लागला. आपल्या देशात हेच काम पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हाती घेतले.

बंगळूरचा संबंध याहून अलीकडचा. तेथील नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या संस्थेतून 2007 साली ‘मायग्रंटवॉच’ नावाचा उपक्रम सुरू झाला, आणि पाहुणे पक्षी कधी आले व कधी गेले याची नोंद धाडण्याचे आवाहन साध्या हौशी लोकांना करण्यात आले. या बारनिशीत आवकेचा रकाना भरणे सोपे, जावकेचा कठीण. आलेला पक्षी एका विशिष्ट दिवशी तारेवर बसलेला दिसतो. गेलेला पक्षी मात्र कोणत्याच दिवशी जाताना दिसत नाही. आज दिसलेली भिंगरी शेवटची होती, हे पुढले आठ-दहा दिवस तार रिकामी राहिल्यावरच ठरायचे. आणि उत्साही निरीक्षक पहिल्या दर्शनानंतर बहुधा थंडावतो, त्यामुळे एप्रिलच्या नोंदी नेहमीच तोकड्या राहतात. माझ्या मते खरी किंमत आहे ती याच कंटाळवाण्या नोंदींची, अगदी ‘आज दिसली नाही’ एवढ्याच मजकुराचीसुद्धा.

त्यातही एक फसगत संभवते. तलावांवर आणि पुलांखाली तारवाली भिंगरी बारमाही राहते, आणि मे महिन्यात ती पाहून माळभिंगरी अजून मुक्कामी असल्याचा भास होतो. गळ्याकडे पाहावे: तो तांबूस असून त्याखाली निळसर काळा पट्टा असेल तर ती पाहुणी; गळ्यापासून पोटापर्यंत सारे पांढरे स्वच्छ आणि डोक्यावर विटकरी टोपी असेल तर ती घरचीच, तिची तारीख जावकेत लिहू नये.