हिरड्या दुखतात तेव्हा मिठाचे पाणी

भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि हिरडीतून कळ आली, की जेवण नकोसे होते. कुणाची हिरडी सुजते. कुणाला दात घासताना रक्त दिसते. अशा वेळी एक उपाय घरातच आहे. तो म्हणजे मिठाचे कोमट पाणी. याला पैसा पडत नाही, म्हणून काही लोक त्याला हलका समजतात. पण दाढ काढली की दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरसुद्धा मिठाच्या पाण्याच्या चुळा भरायला सांगतात!

ते कसे करायचे ते सांगतो. पेलाभर कोमट पाणी घ्या. करंगळी बुडवून पाहा, चटका बसता कामा नये. त्यात चहाचा अर्धा चमचा मीठ टाका. बारीक मीठ चालते, खडे मीठही चालते. मात्र खडा पुरता विरघळू द्या. एक घोट तोंडात घ्या, दुखऱ्या बाजूला न्या, आणि मनात तीस आकडे मोजेपर्यंत सावकाश खेळवा. मग थुंकून टाका. असा सगळा पेला संपवा. दिवसातून दोन-तीनदा, जेवणानंतर केले तर उत्तम. हे पाणी गिळू नये. ज्यांना रक्तदाबाचा विकार आहे त्यांनी तर जपावेच. ज्या लहान मुलाला अजून नीट थुंकता येत नाही, त्याला हे पाणी देऊ नका.

जास्त मीठ टाकले तर गुण लवकर येईल, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. फार खारट पाण्याने तोंड कोरडे पडते आणि हिरडी जास्तच चुरचुरते. कुणी तर कोरडे मीठ बोटावर घेऊन सुजलेल्या हिरडीवर खसाखसा चोळतात. जखमेवर मीठ चोळणे असे आपण म्हणतो, ते काही उगीच नाही.

मिठाने बरे का वाटते? लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते, हे घरोघरी ठाऊक आहे. मीठ पाणी ओढून घेते. सुजलेल्या हिरडीत पाणी साठलेले असते. खारट पाणी त्यातले थोडे ओढून घेते, म्हणून ठणका कमी होतो. शिवाय दातांच्या फटीत अडकलेले अन्नाचे कण चुळीबरोबर निघून जातात.

मात्र एवढ्याने दुखण्याचे मूळ जात नाही. दातांच्या मुळाशी रोज एक चिकट थर बसतो. त्यात जंतू वाढतात आणि हिरडी सुजते. तो थर रोज घासून काढला नाही, तर त्याचे दगडासारखे कीटण बनते. मग ते चुळीने निघत नाही आणि ब्रशनेही निघत नाही. ते दातांच्या डॉक्टरांनीच काढावे लागते. कीटण काढले की दात हलायला लागतात, अशी एक समजूत गावोगाव आहे. ती खोटी आहे. हिरडीचा रोग वाढला की दाताखालचे हाड झिजते, आणि म्हणून दात हलतो. रक्त येते म्हणून काहीजण दात घासणेच सोडून देतात. तसे करू नका. मऊ ब्रशने हलक्या हाताने, सकाळी आणि रात्री, घासत राहा.

आता मिशरीविषयी. दात दुखतो म्हणून पहिल्यांदा मिशरी लावायची, आणि पुढे सवय लागली म्हणून जन्मभर लावायची, हे आपल्या आयाबहिणींत फार चालते. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच की! तिने घडीभर बरे वाटते. पण हिरड्या दातांपासून सुटतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आमच्या माहितीत एक बाई आहेत. त्यांच्या हिरडीला लागून पांढरा चट्टा होता. तो दुखत नव्हता, म्हणून त्यांनी कुणाला दाखवला नाही. पुढे तिथे जखम झाली. मग त्या तीन महिने मिठाच्या चुळा भरत राहिल्या आणि मिशरीही लावत राहिल्या. दवाखान्यात गेल्या तेव्हा जबड्याचा एक भाग काढावा लागला. भाकरी त्यांना आता चावत नाही.

तेव्हा मिठाच्या पाण्यावर किती दिवस थांबायचे, हे नीट लक्षात ठेवा. चार-पाच दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. गाल सुजला, ताप आला, पू येऊ लागला, तोंड उघडेना किंवा घास गिळवेना, तर त्याच दिवशी जा. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरून आली नाही, किंवा पांढरा वा लाल चट्टा दिसला, तर तो दुखत नसला तरी दाखवा. हिरड्या वारंवार सुजत असतील तर रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेहात हा त्रास वाढतो. गरोदरपणातही हिरड्यांतून रक्त येते. तेव्हा चुळा भरायला हरकत नाही, पण गोळ्या मनाने घेऊ नयेत.

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांतही दातांचे डॉक्टर असतात. किती दिवस दुखते आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि तंबाखू किंवा मिशरी किती वर्षे लावता, हे त्यांना खरे खरे सांगा. लाजू नका, डॉक्टरांना ते तोंड पाहताच कळते.