बुडालेली मोटर

कोल्हापुरात पुराचं माप फुटांत आणि इंचांत चालतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याशी पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. जुनी माणसं मात्र अजून ‘मच्छिंद्री झाली का?’ एवढंच विचारतात, म्हणजे पाणी शिवाजी पुलावरच्या त्याच नावाच्या खुणेला लागलं का. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांपुढे गेली, जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांवर. दोन्ही वेळा शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी ही शहराला पाणी देणारी उपसा केंद्रं पुरात सापडली. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली आणि चढावरच्या वसाहती घागरी घेऊन टँकरच्या रांगेत, असा तो प्रकार होता.

पूर ओसरला की लोकांना वाटतं, आता बटण दाबायचं तेवढं बाकी आहे. खरं काम तिथूनच सुरू होतं. जॅकवेलमधल्या, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीतल्या, पंपाला पाण्याचं वावडं नसतं. तो पाण्यात राहण्यासाठीच केलेला असतो. बिघडते ती त्याच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर बसवलेली मोटर. काठावरचा शेतकरी पाणी चढायला लागलं की आपली मोटर सोडवून ट्रॅक्टरवर घालतो आणि घरी नेतो. महापालिकेची शेकडो अश्वशक्तीची मोटर क्रेनशिवाय जागची हलत नाही. शिवाय शहराला पाणी हवं म्हणून ती शेवटच्या तासापर्यंत चालवावी लागते.

बुडालेली मोटर उघडली की आधी दिसतो गाळ. तांब्याच्या कॉईलच्या बेचक्यांत, स्टेटरच्या खाचांत, बेअरिंगमध्ये, सगळीकडे चिकटलेला. तो वाळून घट्ट झाला तर निघता निघत नाही. म्हणून भिजलेल्या मोटरवर पहिला उपचार होतो तो पुन्हा पाण्याचाच: रोटर बाहेर काढून स्टेटर स्वच्छ पाण्याने, कमी दाबाने, धीराने धुवायचा. बघणाऱ्याला हे वेडेपण वाटतं. बेअरिंगं बदलायची, फार जीव लावायचा नाही.

मग वाळवणं. मोठ्या वर्कशॉपमध्ये त्यासाठी भट्टी असते. नसेल तिथे ताडपत्रीचा तंबू, भोवती हॅलोजनचे दिवे, आत गरम हवेचा ब्लोअर. उष्णता हळूहळू वाढवायची आणि पाणी उकळण्याच्या खालीच ठेवायची. घाईने तापवली तर इन्सुलेशनच्या आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती इन्सुलेशन फोडून बाहेर पडते. म्हणजे जे वाचवायचं तेच गेलं.

मोटर वाळली की नाही, हे हात लावून कळत नाही. ते मेगर सांगतो. कॉईल आणि लोखंडी बॉडी यांच्यात वीज किती अडते, हे मोजणारं ते यंत्र. मोटर तापायला लागली की आकडा वाढण्याऐवजी आधी खाली येतो, आणि नवख्या माणसाचा धीर तिथेच सुटतो. आतला ओलावा सुटून पसरत असतो, म्हणून तसं होतं. पुढे आकडा काही काळ तिथेच रेंगाळतो आणि मग चढू लागतो. जुन्या वाइंडरचा ढोबळ नियम असा: मोटर जितक्या किलोव्होल्टची, त्यात एक मिळवा, ४० अंशांना किमान तितके मेगओहम हवेत. ३.३ किलोव्होल्टच्या मोटरीला ४.३. हल्लीच्या वाइंडिंगला याहून कितीतरी जास्त मागतात, आणि ते बरोबरच आहे. आकडा एका मिनिटाला किती आणि दहा मिनिटांना किती, हेही ताडून बघतात; दहाव्या मिनिटाचा आकडा पहिल्याच्या साधारण दुप्पट आला तर पुन्हा वॉर्निश द्यायला हरकत नाही.

या सगळ्या वेळात फोन वाजत असतो. नगरसेवक, पत्रकार, दवाखाने. सगळ्यांचा प्रश्न एकच, कधी? माझ्या मते पुरानंतरच्या पाणीपुरवठ्यातला सर्वांत अवघड निर्णय हाच, की आकडा पुरेसा नसताना ‘चालू करून तर बघू’ म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं. दमट मोटर चालू केली तर क्षणात जळू शकते, आणि दिवसांचं काम आठवड्यांवर जातं. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्गच कित्येक दिवस पाण्याखाली होता. बाहेरून सुटा भाग मागवावा म्हटलं तर रस्ताच नाही.

मोटरीबरोबर बाकी वऱ्हाडही असतं. ट्रान्सफॉर्मरचं तेल गाळून त्याची चाचणी, पॅनेलमधले रिले आणि काँटॅक्टर बदलणं, केबलची टोकं कापून नव्याने जोडणं. पंप फिरला तरी रिकाम्या वाहिन्यांत हवा भरलेली असते. चावीवाला व्हॉल्व्ह अर्धा-अर्धा फेरा फिरवत उघडतो. एकदम उघडला तर पाण्याच्या धक्क्याने जुनी पाईप फुटते. दाब गेलेल्या वाहिनीत गळतीच्या जागेतून पुराचं घाण पाणी शिरलेलं असू शकतं, म्हणून पहिलं पाणी वाया घालवायचं, क्लोरीन वाढवायचा, आणि नळाला पाणी आलं तरी उकळून प्यायला सांगायचं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनने पाणी आलं. नदीकाठच्या केंद्रांवरचा भार हलका झाला, हे खरं. पण तिथेही जॅकवेल आहे, तिथेही मोटरी आहेत. आणि नदीकाठी मोटरीखालचा ओटा २०१९ ची पातळी धरून बांधला असता, तर दोनच वर्षांनी तोही बुडाला असता. तेव्हा नव्या मोटरीची निविदा निघेल तेव्हा अश्वशक्तीचा रकाना बघून झाला की ओट्याच्या उंचीचाही बघावा, आणि ती ठरवताना कोणत्या सालचा पूर धरला आहे ते विचारावं.