पावसाळ्यापूर्वी यांत्रिक होडी व जलस्कूटरची निगा

मे महिना सरत आला की गोव्याच्या किनाऱ्यावर आवराआवर सुरू होते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. कळंगुट, बागा, कोलवा येथील जलस्कूटरही खवळलेल्या समुद्रामुळे किनाऱ्यावर घ्याव्या लागतात. यंत्र चालविल्याने झिजते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु काळजी न घेता नुसते ठेवून दिल्यानेही ते तितकेच बिघडते, याची जाणीव पुष्कळांना नसते. ऐन हंगामाच्या आरंभी इंजिन सुरू न होणे म्हणजे कमाईचे दिवस हातचे जाणे होय.

थंड प्रदेशांतील नौकाधारक हिवाळ्यापूर्वी अशीच तयारी करतात. तेथे धास्ती असते ती बर्फाची. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि इंजिनात राहिलेल्या पाण्याने लोखंडालाही तडा जातो. आपल्याकडे हे भय नाही. आपले शत्रू दोन : खारे पाणी आणि दमट हवा.

गोड्या पाण्याने धुणे

इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्या अंतर्भागातून खारे पाणी खेळत असते. ते वाळल्यावर मिठाचा थर मागे राहतो. तो हवेतील ओल शोषून धातू कुरतडतो व पाण्याच्या वाटा बुजवितो. म्हणून नळीने गोडे पाणी आतून खेळवून इंजिन धुणे ही पहिली पायरी होय.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. होडीच्या मागे लावलेल्या आऊटबोर्ड इंजिनास पाणी घेण्याच्या जागी नळी जोडून आधी पाणी सोडावे व मग इंजिन सुरू करावे. कारण त्याच्या पंपातील रबरी पंखा कोरडा फिरल्यास थोड्याच वेळात निकामी होतो. जलस्कूटरचा क्रम नेमका उलटा आहे. तेथे आधी इंजिन सुरू करून लगेच पाणी सोडावे आणि थांबविताना आधी पाणी बंद करून मग इंजिन बंद करावे. इंजिन बंद असताना पाणी चालू राहिले, तर ते धूर बाहेर जाण्याच्या नळीतून थेट सिलिंडरमध्ये शिरू शकते. यंत्रासोबत मिळालेली माहितीपुस्तिका याबाबत अवश्य पाहावी.

इंधन व वंगण

हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. दमट हवेत ओल फार साठली म्हणजे पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि इंजिनास प्रथम तेच मिळते. यासाठी सुटी टाकी रिकामी करून कोरडी ठेवावी. जलस्कूटरची पक्की टाकी मात्र जवळजवळ भरून त्यात इंधन टिकविणारे द्रव्य मिसळावे व काही मिनिटे इंजिन चालवावे, म्हणजे ते सर्वत्र पोहोचते. कार्बुरेटर असलेल्या आऊटबोर्डची इंधननळी काढून, पाणी चालू ठेवून, आतले इंधन संपेपर्यंत इंजिन चालू द्यावे. हे काम मोकळ्या हवेत करावे. जवळपास विडी अथवा दिवा नसावा.

त्यानंतर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये गंजरोधक तेल शिंपडावे आणि सुरक्षा-दोरी काढलेली असताना इंजिन हाताने हळूच दोन-चार वेळा फिरवावे. चार-स्ट्रोक इंजिनाचे तेल ठेवतानाच बदलावे. वापरलेल्या तेलातील आम्ले धातूस अपायकारक असतात. आऊटबोर्डच्या खालच्या गिअरपेटीतील तेलही पाहावे. ते दुधासारखे पांढुरके दिसल्यास आत पाणी शिरले असे समजून सील बदलावे. नवे तेल खालच्या छिद्रातून, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरावे. खाऱ्या पाण्यात इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा निम्मा झाला असल्यास नवा बसवावा; त्यावर रंग मात्र कधीही लावू नये.

बॅटरी व जागा

बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडावे. ती पूर्ण भारित करून कोरड्या जागी ठेवावी व महिन्यातून एकदा पुन्हा भारित करावी. आऊटबोर्ड उभे ठेवावे, म्हणजे आतील पाणी निथळून जाते. होडीचे व जलस्कूटरचे तळाचे बूच काढून पुढील टोक किंचित उंच ठेवावे. वरून ताडपत्री घालावी, पण ती घट्ट आवळू नये. हवा खेळली नाही तर आतच बुरशी धरते. धुराच्या नळीत उंदीर शिरू नयेत म्हणून कापडाचा बोळा घालावा आणि तो विसरू नये यासाठी सुकाणूस चिठ्ठी बांधावी.

पुन्हा पाण्यात उतरताना

ऑगस्टमध्ये समुद्र पुरता शांत झालेला नसतो. मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, पावसाळ्यात वाळूचा दांडा साचतो व त्यावर लाटा फुटतात. अशा जागी इंजिन बंद पडले, तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही, होडीवरील माणसांच्या जिवाचा होतो. म्हणून बोळा काढून, बूच घट्ट लावून, बॅटरी व प्लग तपासून पहिली फेरी नदीच्या शांत पात्रातच करावी. इंजिन तापत नाही व न अडखळता चालते अशी खात्री पटल्यावरच, जीवरक्षक जाकीट घालून, समुद्राकडे वळावे.

मे महिन्यातील एका दिवसाचे हे श्रम आहेत. नौकाधारकांनी ते टाळू नयेत आणि किनारी गावांतील शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवावी. नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण करताना आपले इंजिनही सज्ज असेल, तर हंगामाचा आरंभ खऱ्या अर्थाने शुभ होईल.