अलार्म वाजला, पण आग कुठे?

बेळगावसारख्या शहरातल्या मोठ्या व्यापारी संकुलात आता दोन-तीन फायर अलार्म पॅनल असतात. एक तळघरातल्या पार्किंगचं, एक दुकानांचं, एक वरच्या ऑफिसांचं. ती केबलने एकमेकांना जोडलेली असतात. पण नुसती जोडली म्हणून काम भागत नाही.

अ‍ॅड्रेसेबल पद्धतीत प्रत्येक डिटेक्टरला नंबर असतो. धूर झाला की पॅनलला तो नंबर कळतो. ‘दुसरा मजला, जिन्याजवळ’ हे नाव माणसानेच भरायचं असतं. खरी गोम इथेच आहे. एका गाळ्याचे दोन झाले, पार्टिशन हललं, तरी पॅनलमध्ये नाव जुनंच. मग वॉचमन भलत्याच मजल्यावर धावतो.

तळघरात धूर आला तर कुठले भोंगे वाजावेत, एसी कुठला बंद व्हावा, लिफ्टने कुठे थांबावं, हेही प्रोग्राममध्ये लिहावं लागतं. तळघराची खबर वरच्या पॅनलने घ्यायची हे सांगायचंच राहिलं, तर वरची माणसं निवांत बसून राहतात.

केबल रिंगमध्ये असेल तर एका ठिकाणी तुटली तरी निरोप दुसऱ्या बाजूने पोचतो. पॅनल मात्र ‘फॉल्ट’ दाखवतं. तो पिवळा दिवा दिसत असूनही बझर बंद करून गप्प बसायची आपल्याकडे सवयच! दुसऱ्या जागीही तुटली, की मधलं पॅनल एकटं पडतं.

ताबा घेताना एकाने डिटेक्टरखाली टेस्टचा धूर सोडावा, दुसऱ्याने पॅनलवर उमटलेलं नाव फोनवर वाचून दाखवावं. पासवर्ड आणि प्रोग्रामची कॉपी ठेकेदाराकडून तेव्हाच मागून घ्यावी. नाहीतर एक नाव बदलायलाही त्याचीच वाट बघावी लागते.