प्रसरण सांधे : भरणी, जलरोधन आणि निगा

काँक्रीट हा मानवनिर्मित दगड म्हणून ओळखला जातो. परंतु हा दगड निश्चल नसतो. उन्हाने तो प्रसरण पावतो, थंडीने आकुंचन पावतो, पाणी शोषून किंचित फुगतो आणि सुकल्यावर पुन्हा आक्रसतो. ही हालचाल डोळ्यांना जाणवत नाही. मात्र तिला वाव न मिळाल्यास तिच्या खुणा भेगांच्या रूपाने छतावर व भिंतींवर उमटल्यावाचून राहत नाहीत. हा वाव मिळावा म्हणून बांधकामात हेतुपुरस्सर ठेवलेली फट म्हणजेच प्रसरण सांधा होय.

या हालचालीचे मान साध्या गणिताने काढता येते. तापमान एका अंशाने वाढले असता काँक्रीटची लांबी सुमारे एक लक्षांश पटीने वाढते. ३० मीटर लांबीच्या छताच्या तापमानात हिवाळ्यातील पहाट आणि उन्हाळ्यातील दुपार यांमध्ये ३० अंशांचा फरक पडला, तर ते छत सुमारे ९ मिलिमीटर लांबते. आय. एस. ४५६ या भारतीय मानकानुसार ४५ मीटरपेक्षा अधिक लांबीच्या काँक्रीट इमारतींत सामान्यतः एक किंवा अधिक प्रसरण सांधे ठेवावयाचे असतात. सांध्याच्या दोन्ही बाजूंस स्वतंत्र खांब उभारून इमारतीचे दोन भाग एकमेकांपासून अलग ठेवले जातात.

सुरतेचे उदाहरण

मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावलेली तापी नदी खानदेश ओलांडून सुरतेजवळ खंभातच्या आखातास मिळते. रोजगारासाठी खानदेशातून गेलेली असंख्य मराठी कुटुंबे लिंबायत, उधना यांसारख्या भागांत स्थायिक झाली आहेत. कडक ऊन, सागरी दमट हवा आणि हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस असे या शहराचे हवामान आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडाव्या लागलेल्या प्रचंड विसर्गामुळे शहराचा फार मोठा भाग जलमय झाला होता. अशा ठिकाणी गच्ची, पाण्याची टाकी, पूल आणि नदीकाठची पूरसंरक्षक भिंत या सर्वच बांधकामांत सांध्यांची निगा हा सुरक्षिततेचा विषय ठरतो. पाणी नेहमी दुबळी जागा शोधते आणि काँक्रीटमध्ये ती जागा बहुधा सांध्याची असते. तेथून झिरपलेले पाणी लोखंडी सळ्यांपर्यंत पोहोचले की त्या गंजून फुगतात आणि काँक्रीटचे ढलपे सुटू लागतात.

नेहमीची चूक

इमारतीतील सांधा पाहून रहिवाशांना ती भेग वाटते व गवंड्याकडून ती सिमेंटने बुजवून घेण्यात येते. पावसाळाभर गळती थांबल्यासारखी भासते. पुढील उन्हाळ्यात छत लांबू लागताच कठीण सिमेंट दोन्ही कडांवर दाब देते, कडा फुटतात आणि पूर्वी एका रेषेत असलेली गळती आता चहूकडे पसरते. सांध्यात अडकलेले खडे व वाळूदेखील हाच अनर्थ घडवितात. सांध्यावरून सलग गिलावा करणे किंवा आडव्या टाइल्स बसविणे हेही तितकेच अयोग्य होय. खालचा सांधा वरच्या प्रत्येक थरातून तसाच पुढे नेला पाहिजे.

योग्य पद्धती

सांधा भरण्याच्या कामात दोन पदार्थांची कार्ये भिन्न असतात. आतील भरणद्रव्य, उदाहरणार्थ डांबर मुरविलेला तंतुफलक किंवा फोमचा तक्ता, दाबले जाऊन हालचालीस जागा देते. वरील लवचीक सीलंट पाणी व कचरा अडविते. त्यासाठी रस्त्यांवर गरम करून ओतावयाचे रबरमिश्रित डांबर वापरले जाते, तर इमारतींत व टाक्यांत पॉलिसल्फाइडसारखी द्रव्ये वापरली जातात.

दुरुस्तीच्या वेळी प्रथम जुने द्रव्य, सिमेंट व माती पूर्णपणे काढून टाकावी. तारेच्या ब्रशने दोन्ही बाजू घासून, धूळ उडवून सांधा कोरडा करावा, कारण ओल्या किंवा धुळीच्या पृष्ठभागास सीलंट धरत नाही. त्यानंतर फोमची गोल दोरी योग्य खोलीवर दाबून बसवावी, उत्पादकाने सांगितलेले प्रायमर लावावे आणि मग सीलंट भरावे. या दोरीमुळे सीलंट तळाशी न चिकटता केवळ दोन बाजूंनाच चिकटते व मोकळेपणाने ताणले जाते. सीलंटची खोली सामान्यतः सांध्याच्या रुंदीच्या निम्मी असावी. म्हणजे २० मिलिमीटर रुंदीस १० मिलिमीटर. त्याचा पृष्ठभाग कडेपेक्षा किंचित खाली ठेवावा, म्हणजे उन्हाळ्यात ते बाहेर फुगून झिजणार नाही.

पाणी धरणाऱ्या टाक्या व पूरसंरक्षक भिंती यांस केवळ वरचे सीलंट पुरेसे नसते. तेथे काँक्रीट ओततानाच सांध्याच्या मध्यभागी रबर किंवा पी.व्ही.सी.ची जलरोधक पट्टी बसवावी लागते. ती मागाहून घालता येत नाही. म्हणून काँक्रीट ओतण्यापूर्वी पट्टी सरळ, अखंड व घट्ट बांधलेली आहे याची खात्री अभियंत्याने स्वतः करून घेणे आवश्यक आहे.

कामाची वेळ

हे काम बहुधा पावसाच्या तोंडावर, मे महिन्यात हाती घेतले जाते. त्या वेळी काँक्रीट पुरते प्रसरण पावलेले असल्याने सांधा सर्वांत अरुंद असतो. तेव्हा भरलेले सीलंट हिवाळ्यात फट रुंदावताच कमाल मर्यादेपर्यंत ताणले जाते आणि कडेपासून सुटते. तापमान मध्यम व हवा कोरडी असते असा फेब्रुवारी-मार्चचा काळ या कामास अधिक अनुकूल होय. सीलंट कालांतराने कठीण होते. म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर सांध्यांची पाहणी करून सुटलेला भाग वेळीच बदलावा.

इमारतीतील प्रत्येक फट हा दोष नसतो. जी फट अभियंत्याने हेतूने ठेवली आहे, ती बुजवावयाची नसून जपावयाची असते. अभियंता, गवंडी आणि रहिवासी या तिघांनी एवढी गोष्ट ध्यानी घेतली, तर अल्प खर्चात वास्तूचे आयुष्य वाढेल आणि पावसाळ्यात गळक्या छताखाली राहण्याची वेळ अनेक कुटुंबांवर येणार नाही.