सांडलं? मग सांगा!

सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. खरं तर इंग्लिश विभागात लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण ज्या मावशींमुळे हा लेख लिहायला घेतला, त्यांना कुणीतरी तो वाचून दाखवावा असं मनापासून वाटतं. म्हणून मराठीत!

गोष्ट मागच्या सेमिस्टरची. एन्व्हायर्न्मेंटल लॅब, सीओडीचं प्रॅक्टिकल. पाच वाजायला दहा मिनिटं कमी, जर्नलवर सही बाकी, आणि मेसमध्ये त्या दिवशी पावभाजी. मेजरिंग सिलिंडरमध्ये कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड ओतताना हात हलला आणि पंधरा-एक मिली ओट्यावर सांडलं. मी काय केलं असेल? बेसिनजवळचं ओलं फडकं उचललं आणि पुसून टाकलं! फडकं हातात चटकन गरम झालं. ग्लोव्ह्ज होते म्हणून निभावलं. घाबरून ते बेसिनखालच्या बादलीत टाकलं आणि गुपचूप सही घेऊन सटकले. सांगितलं असतं तर काय झालं असतं? सर ओरडले असते, ब्रेकेजच्या यादीत नाव लागलं असतं. बस, एवढीच भीती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब झाडायला येणाऱ्या मावशींनी ते फडकं नेहमीसारखं हातांनी पिळलं. आग व्हायला लागली म्हणून हात पदराला पुसले. दुपारपर्यंत तळहातावर फोड आणि पदराला भोकं. मला कळलं तेव्हा मी त्यांच्याकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "अगं पोरी, सांडलं तर सांडलं. पण सांगायचंस तरी!"

मला वाटत होतं, ओल्या फडक्याने ॲसिड पातळ झालं, विषय संपला. पण पाणी उडून जातं, सल्फ्युरिक ॲसिड उडत नाही. फडकं जसजसं वाळतं, तसतसं त्यातलं ॲसिड पुन्हा तीव्र होत जातं. म्हणजे मी पुसलं नव्हतंच, फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन ठेवलं होतं. मावशींच्या हातात.

त्यानंतर सरांच्या आणि लॅबच्या काकांच्या मागे लागून हा विषय नीट समजून घेतला. व्हायवामध्ये कुणी विचारत नाही, पण उपयोग मात्र कधीही पडू शकतो.

पहिलं मिनिट कसं वापरायचं?

सांडल्याबरोबर आपला हात फडक्याकडे जातो. तिथेच चुकतं. माणूस आधी, फरशी नंतर, हा पहिला नियम. क्रम असा लक्षात ठेवा: थांबा, ओरडून सांगा, बाजूला व्हा, आणि मग काय सांडलंय ते बघा. शेजारच्या टेबलवरच्या मुलीला माहीतच नसेल तर ती त्यातच पाय ठेवणार ना! कुणाच्या अंगावर उडालं असेल तर ओटा राहू दे तसाच, आधी तिच्याकडे धावा.

काय सांडलंय ते बाटलीच्या लेबलवर असतं. पुढची माहिती त्या केमिकलच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये असते. या शीटचे एकूण १६ विभाग असतात. आपल्याला तीनच पाठ हवेत: ४ म्हणजे प्रथमोपचार, ६ म्हणजे सांडल्यावर काय करायचं, आणि ८ म्हणजे ग्लोव्ह्ज-गॉगल वगैरे कुठले वापरायचे. पण सांडल्यावर शीट शोधत बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. प्रॅक्टिकलच्या आधी वाचली तर पाच मिनिटांचं काम आहे.

आणि स्वतः कधी साफ करायचं? काय सांडलंय ते माहीत आहे, थोडंच आहे, योग्य सामान हाताशी आहे आणि कसं करायचं ते शिकवलेलं आहे, या चारही गोष्टी असतील तरच. एक जरी कमी असेल तर बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि सरांना किंवा काकांना बोलवा. कुणाला जास्त इजा झाली असेल तर १०८ किंवा ११२ फिरवा. यात कसला आलाय कमीपणा?

अंगावर पाणी, ओट्यावर सोडा

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. ॲसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर वाहतं पाणी, निदान १५ मिनिटं, घड्याळ लावून. भिजलेले कपडे, घड्याळ, बांगड्या काढायच्या, लाजायचं नाही. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तितकाच वेळ पाणी, लेन्स असतील तर काढून टाकायच्या, आणि मग थेट डॉक्टर. कातडीवर सोडा चोळायचा नाही. ॲसिड आणि सोड्याच्या रिॲक्शनने जखमेचा त्रास वाढू शकतो, आणि सोडा शोधण्यात वेळ जातो तो वेगळाच. अपवाद एकच, आपल्या सिव्हिलवाल्यांच्या ओळखीचा. कळीच्या चुन्यासारखी कोरडी पावडर अंगावर पडली तर आधी झटकून टाका, मगच भरपूर पाणी. कारण कळीचा चुना थोड्या पाण्याने उकळतो.

ओट्यावर सांडलेल्या कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकचं गणित उलटं. त्यावर थोडंसं पाणी पडलं की प्रचंड उष्णता निघते आणि ॲसिड उडतं. नळाखाली पाणी इतकं असतं की उष्णता वाहून जाते. ओल्या फडक्यात ते नसतं. म्हणून ओट्यावर खाण्याचा सोडा, कडेकडेने सुरुवात करून मध्यापर्यंत, हळूहळू भुरभुरवायचा. फसफस थांबली की ॲसिड संपलं.

किती सोडा लागेल? मी हिशोब केला. १५ मिली कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकला साधारण ४६ ग्रॅम सोडा लागतो आणि त्यातून १३ लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो! म्हणून चिमूटभर सोड्याने भागत नाही आणि सगळा एकदम ओतायचाही नाही. खिडक्या उघड्या, गॉगल डोळ्यांवर, केस बांधलेले.

अल्कोहोल, ॲसिटोनसारखं सॉल्व्हंट सांडलं तर मात्र सोडा काही कामाचा नाही. तिथे धोका वाफेचा. बर्नर बंद करा, पण सांडल्या जागेजवळचं लाइट-पंख्याचं बटण चालू-बंद करू नका, त्या ठिणगीनेही वाफ पेटू शकते. कोरडी वाळू टाकून शोषून घ्या.

आणि सीओडीचं मिश्रण? त्यात सल्फ्युरिकबरोबर क्रोमियम, पारा आणि चांदीचे क्षार असतात. सोड्याने ॲसिड मरतं, क्रोमियम आणि पारा मरत नाहीत. म्हणून सगळा चिखल प्लास्टिकच्या सुपलीने गोळा करून नाव लिहिलेल्या वेस्टच्या डब्यात टाकायचा. बेसिनमध्ये नाही. बेसिनचं पाणी शेवटी ज्या प्लँटमध्ये जातं, त्याचंच डिझाइन आपण पुढच्या सेमिस्टरला करणार आहोत!

ग्लोव्ह घातला म्हणजे झालं?

आता तुम्ही म्हणाल, ग्लोव्ह्ज घालतो की आम्ही! तर ही खरी घटना ऐका. कॅरन वेटरहान या अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापिका. क्रोमियमसारखे विषारी धातू शरीरात काय करतात, हाच त्यांचा अभ्यासाचा विषय. १४ ऑगस्ट १९९६ रोजी फ्यूम हूडमध्ये काम करताना डायमिथाइल मर्क्युरीचे थोडेसे थेंब त्यांच्या लेटेक्स ग्लोव्हवर पडले. सगळं नियमाप्रमाणे आवरून त्यांनी ग्लोव्ह काढला, हात धुतले. पुढे काही महिने काहीच झालं नाही. जानेवारी १९९७ मध्ये तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं. ८ जून १९९७ रोजी त्या गेल्या, वयाच्या ४८ व्या वर्षी. नंतरच्या चाचण्यांत कळलं की ते द्रव्य लेटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातं.

आपल्या लॅबमध्ये असलं भयंकर काही नसतं, घाबरू नका. पण धडा आपल्यालाही लागू आहे. प्रत्येक केमिकलला वेगळा ग्लोव्ह लागतो. ग्लोव्हवर काही सांडलं की तो तेव्हाच बदलायचा, "आत तर गेलं नाही ना" असं म्हणून काम चालू ठेवायचं नाही.

न दिसणारी सांडलवंड

सांडपाण्याचा नमुना सांडला की आपण नाक मुरडतो आणि पुसून मोकळे होतो. पण त्यात टायफॉइडचे, काविळीचे जंतू असू शकतात. आणि कॉलिफॉर्म टेस्टची नळी इन्क्युबेटरमधून काढताना फुटली, तर ते त्याहून गंभीर, कारण आपणच खाऊपिऊ घालून जंतू कित्येक पटींनी वाढवलेले असतात.

इथलं औषध म्हणजे हायपोक्लोराइट. ५ टक्क्यांचं द्रावण असेल तर एक भाग ते आणि नऊ भाग पाणी, म्हणजे अर्धा टक्का झालं. रोज ताजं करायचं, शिळ्यातला क्लोरीन कमी होतो. सांडल्या जागेवर आधी जाड कागद किंवा टिश्यू अंथरायचे, मग त्यावर बाहेरून आत द्रावण ओतायचं, आणि ३० मिनिटं थांबायचं. हे थांबणंच कुणाला जमत नाही! ओतलं आणि लगेच पुसलं तर जंतू मरायला वेळच मिळत नाही. काचेचे तुकडे चिमट्याने उचलून जाड डब्यात टाकायचे, साध्या कचऱ्याच्या पिशवीत नाही. ती पिशवी उचलणारा हातही माणसाचाच असतो. शेवटी साबणाने हात धुवायचे.

एक धोक्याची सूचना, हॉस्टेलवाल्यांनी विशेष लक्ष द्या. हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन गॅस निघतो. बाथरूम चकाचक करायला टॉयलेटचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतणारे वीर आपल्यात आहेत. बंद बाथरूममध्ये हा प्रयोग जीवावर बेतू शकतो. अमोनियाबरोबरही तेच, तिथेही विषारी वायू तयार होतो.

फील्डवर गेल्यावर

नदीवर डीओ काढायला जाताना आपण मँगेनीज सल्फेट, अल्कली-आयोडाइड-अझाइड आणि सल्फ्युरिक ॲसिड अशा तिन्ही बाटल्या एकाच पिशवीत कोंबून एसटीत बसतो. खड्ड्यात गाडी आदळली आणि शेवटच्या दोन बाटल्या फुटल्या, तर उष्णता तर निघेलच, वर ॲसिड आणि अझाइडमधून विषारी वायूही निघेल. म्हणून या दोघी सवती समजा, त्यांना वेगवेगळ्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत ठेवा, आत कागदाचे बोळे. बाटली फुटली तरी डब्यात राहील, मांडीवर नाही. सोबत पाच लिटर साधं पाणी, सोड्याचा पुडा, जादा ग्लोव्ह्ज आणि रिकामी जाड पिशवी घ्या. नदीकाठी आय-वॉश नसतो, आणि ज्या नाल्याचा नमुना घ्यायला गेलो, त्याच पाण्याने डोळे धुणार का?

नाल्यात चपलेने उतरू नका, पायाला जखम असेल तर अजिबातच नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. तो जंतू अशाच जखमेतून शिरतो. आणि मॅनहोलमध्ये वाकून बघायचंही नाही. तिथला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं.

रूममधला पारा

जुना पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर झाडू मारू नका, बारीक गोळ्या होऊन सगळीकडे पसरतात आणि वाफ वाढते. खिडकी उघडा, पंखा बंद करा, रूममेटला बाहेर काढा. दोन कडक कार्डांनी गोळ्या एकत्र करा, ड्रॉपरने ओढून घ्या, उरलेल्या चिकटपट्टीने उचला. सगळं झाकणाच्या बाटलीत घालून रेक्टरांमार्फत केमिस्ट्री लॅबला द्या. बेसिनमध्ये किंवा डस्टबिनमध्ये नाही.

शेवटी दोन विनंत्या

पहिली विद्यार्थ्यांना. प्रत्येक लॅबच्या दारात एक झाकणाची बादली ठेवूया: सोडा, वाळू, जाड कागद, हायपोक्लोराइट, ग्लोव्ह्ज, गॉगल, चिमटा, सुपली, जाड पिशव्या आणि मार्कर. हायपोक्लोराइट मात्र सोड्याखाली नाही, वेगळ्या बंद डब्यात. महिन्यातून एकदा कुणीतरी उघडून बघायची, नाहीतर सोडा मेसच्या भज्यांत जायचा!

दुसरी आमच्या सर-मॅडमना. जो स्वतःहून येऊन सांगेल की "सर, माझ्याकडून सांडलं", त्याला ब्रेकेज लावू नका. फुटलेल्या सिलिंडरचे पैसे भरून निघतात. लपवलेल्या ॲसिडचे निघत नाहीत.

मावशींचा हात आता बरा आहे. तळव्यावर एक डाग राहिलाय. सकाळी लॅबमध्ये आल्या की त्या अजूनही मला विचारतात, "काय गं, आज काही सांडलं का?" मी म्हणते, "नाही मावशी. सांडलं तर पहिलं तुम्हालाच सांगेन."

तुम्हीही सांगाल ना?